टिंबापलीकडचे पाणी

आमच्या खानदेशात नुसते आडनाव सांगून भागत नाही. जळगावच्या आसपासच्या एखाद्या खेड्यात जाऊन "पाटलांचे घर कोणते?" असे विचारावे, तर लोक विचारणाऱ्याकडे दयेने बघतात. निम्मे गाव पाटील, आणि उरलेल्यांत चौधरी नि महाजन. मग पारावरून उलट प्रश्न येतो, "कोणते पाटील? विहिरीवाले, चक्कीवाले, की नाल्याकाठचे?" असे काहीतरी शेपूट जोडल्याशिवाय माणूस सापडत नाही. रसायनशास्त्र शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली, आणि क्षारांची नावे शिकवताना पारावरचा हा उलट प्रश्न मला फार उपयोगी पडला. "कॉपर सल्फेट" म्हणजे नुसते "पाटील". कोणते कॉपर सल्फेट? पाच पाण्यांचे, की बिनपाण्याचे?

पाण्याची ही भानगड पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरी वाटत नाही. मोरचुदाचा खडा हातात घ्या. बोट ओले होत नाही. फडक्यात बांधून ठेवा. फडके कोरडेच्या कोरडे. तरीही त्या खड्याच्या १०० ग्रॅम वजनात ३६ ग्रॅम पाणी असते. तुरटीत ते सुमारे ४५ ग्रॅम भरते, टाकणखारात ४७, आणि धुण्याच्या सोड्याच्या खड्यांत तर चक्क ६३. म्हणजे सोड्याच्या खड्यात सोडा कमी नि पाणीच अधिक. हे पाणी ओलाव्यासारखे बाहेरून चिकटलेले नसते. स्फटिक बांधला जात असतानाच ते त्याच्या बांधणीत ठरलेल्या जागी, मोजून बसवलेले असते. तांब्याच्या सल्फेटाच्या एका भागामागे पाण्याचे पाच रेणू; साडेचार नाहीत की सहा नाहीत. त्याला स्फटिकजल म्हणतात, आणि माझ्या मते मराठी शास्त्रीय परिभाषेतल्या थोड्या देखण्या शब्दांपैकी तो एक आहे.

शब्द नवा असला तरी गोष्ट आमच्या घरात जुनी होती. माझे लहानपण धुळ्याचे. आजीजवळ एक पितळेचा डबा असे. त्यात तुरटी, टाकणखार, हिराकस अशी मंडळी नांदत. मोरचुदाची पुरचुंडी मात्र मुलांचा हात पोहोचू नये म्हणून वरच्या फळीवर. पावसाळ्यात पांझरेचे पाणी गढूळ झाले की आजी हंड्यात तुरटीचा खडा चार वेळा फिरवी, आणि सकाळपर्यंत गाळ तळाशी बसलेला असे. पण मला खरी मौज वाटे ती टाकणखाराची. लोखंडी पळीत खडा ठेवून ती पळी निखाऱ्यावर धरी. आधी तो स्वतःच्याच पाण्यात विरघळे, मग फसफसे, फुगे, आणि बघता बघता पांढरा, हलका, पोकळ असा ढीग पळीच्या काठावर येई. "झाली लाही," आजी म्हणे. तोंड आलेल्या तान्ह्या मुलाला ती लाही मधातून चाटवीत. आजचे डॉक्टर हे करू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे; टाकणखार पोटात जाणे तान्ह्या जिवाला अपायकारक आहे. औषध गेले तरी शब्द टाकून देण्यासारखा नाही. लक्ष्मीपूजनाला बत्ताशांबरोबर आपण ज्या लाह्या ठेवतो, त्या फुटतात त्याही दाण्यातल्या पाण्याची वाफ होते म्हणूनच. दाणा असो की खडा, आतले पाणी वाफ होऊन निघते आणि जाता जाता फुलवून जाते. आजीला रेणू ठाऊक नव्हते. पण काष्ठौषधांच्या दुकानात "कच्चा टाकणखार" आणि "टाकणखाराची लाही" या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एकीच्या जागी दुसरी तेवढ्याच वजनाने घालायची नाही, हे तिला पक्के ठाऊक होते. पुढे प्रयोगशाळेच्या कपाटात "डेकाहायड्रेट" आणि "ॲनहायड्रस" अशा दोन बाटल्या शेजारी शेजारी पाहिल्या, तेव्हा मला त्या ओळखीच्याच वाटल्या. एक कच्चा, दुसरी लाही.

मोरचुदाची गोष्ट याहून रंगतदार आहे. संस्कृतात त्याला शिखिग्रीव म्हणतात. अमरकोशातच हे नाव आहे. शिखी म्हणजे मोर, त्याच्या मानेसारखा तो शिखिग्रीव. मराठीनेही नावात मोर ठेवलाच. आता हा मोरमानी खडा कुटून काचेच्या नळीत घाला आणि दिव्यावर धरा. थोड्या वेळाने तळापासून निळाई उतरू लागते. नळीच्या थंड तोंडाशी पाण्याचे थेंब जमतात, आणि खाली राहते ती राखेसारखी पांढरी भुकटी. मोर उडून गेला! नळी निवल्यावर त्या भुकटीवर पाण्याचा एक थेंब टाका. छर्र होते, नळी हाताला गरम लागते, आणि निळा रंग आला तसा परत येतो. वर्गात मी हा प्रयोग किती वेळा केला असेल याची मोजदाद नाही. मागच्या बाकांवरची मुले उभी राहिली नाहीत असे कधी झाले नाही. म्हणजे तो रंग एकट्या तांब्याचा नव्हे. पाण्याने वेढलेल्या तांब्याचा आहे. प्राचीनांनी मोराच्या मानेवरून नाव ठेवले तेव्हा नकळत त्यांनी त्या पाण्याचेच नाव ठेवले होते.

युरोपातही असेच झाले. तिकडे मोरचुदाला निळे, हिराकसाला हिरवे आणि जस्ताच्या सल्फेटाला पांढरे व्हिट्रिऑल म्हणत. लॅटिनमध्ये व्हिट्रम म्हणजे काच. काचेसारखे चमकते म्हणून व्हिट्रिऑल. पाणी गेले की तीही काच जाते आणि भुकटी उरते. दिसण्यावरून ठेवलेल्या या नावांत लाघव आहे, पण मोजमाप नाही. मोजमाप यायला अठराव्या शतकाचा शेवट उजाडावा लागला. संयुगातल्या घटकांचे प्रमाण ठरलेले असते, ते बनवणाराच्या मर्जीवर नसते, असे फ्रान्सच्या प्रूस्तने ठासून सांगितले. पुढे स्वीडनच्या बर्झेलियसने मूलद्रव्यांना अक्षरे दिली, आणि मग क्षाराचे सूत्र लिहिणे म्हणजे जमाखर्च लिहिण्यासारखे झाले.

या जमाखर्चातली स्फटिकजलाची नोंद एका टिंबाने होते. मोरचुदाचे सूत्र आम्ही वर्गात मोठ्याने म्हणत असू : सी-यू, एस-ओ-चार, टिंब, पाच एच-दोन-ओ. टिंबाच्या अलीकडे क्षार, पलीकडे पाणी. हे टिंब म्हणजे पूर्णविराम नव्हे, दशांशचिन्ह नव्हे, आणि गुणाकार तर मुळीच नव्हे. गणिताच्या तासावरून थेट माझ्या तासाला आलेली मुले हमखास गुणाकार करीत आणि एका खड्याचे वजन डोंगराएवढे काढीत. मी विचारी, "घरी पाच पाहुणे आले तर घरच्या माणसांना पाचाने गुणता की त्यांत पाच मिळवता?" कॉपर सल्फेटाचे रेणूवजन सुमारे १६०, पाच पाण्यांचे ९०, बेरीज २५०. गुणाकार आहे तो फक्त पाच आणि अठरा यांचा. पाहुण्यांची आपापसातली गोष्ट ती.

नाव ठेवण्याची रीतही तशीच सरळ. आधी धातू, मग आम्लाची खूण, मग पाण्याचा आकडा, आणि शेवटी "हायड्रेट". एकाला मोनो, दोनाला डाय, तिनाला ट्राय, चाराला टेट्रा, मग पेंटा, हेक्सा, हेप्टा. दहाला डेका, बाराला डोडेका. मुलांना हे शब्द परके आणि कडू वाटत. मला वाटते, ते शिकवण्याच्या पद्धतीमुळे. पेंटा म्हणजे पंच, हेप्टा म्हणजे सप्त, डेका म्हणजे दश, डोडेका म्हणजे द्वादश. हायड्रेटातला ग्रीक "हायडोर" आणि आपले "उदक" ही एकाच आजीची नातवंडे आहेत. ज्या धुळ्यात शब्दांच्या मुळांचा माग काढता काढता इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली वारले, तिथल्या मुलाने तरी पेंटाला भिऊ नये! हिराकस हेप्टाहायड्रेट म्हणजे सात पाण्यांचा, तुरटी डोडेकाहायड्रेट म्हणजे बारा पाण्यांची. बारा गावचे पाणी प्यालेला माणूस आपण ऐकतो. तुरटी बसल्या जागी बारा पाणी प्यालेली आहे.

एकच शब्द ऐकून मात्र वर्ग हसे : हेमिहायड्रेट, अर्ध्या पाण्याचा. "सर, अर्धे पाणी कसे असेल?" प्रश्न बरोबर आहे. पाण्याचा रेणू अर्धा होत नाही; दोन घरांत एक माठ, तसा तो दोघांत एक असतो. जिप्समला दोन पाणी असतात. ते बेताने भाजले की त्यातले दीड जाते आणि अर्धे राहते. हेच प्लास्टर ऑफ पॅरिस. त्यात पाणी कालवले की गेलेले दीड पाणी ते अधाशासारखे परत घेते, गरम होते आणि दगडासारखे घट्ट बसते. मोडलेल्या हाताला बांधलेले प्लास्टर म्हणजे पुन्हा झालेले जिप्सम. गणपतीची मूर्तीही तेच. लिटरभर पाण्यात जेमतेम दोन ग्रॅम जिप्सम विरघळते. मग मूर्ती तळ्यात तशीच पडून राहते याचे नवल नाही.

हे सारे परीक्षेपुरते आहे, असे समजणारे लोक पुष्कळ. त्यांच्यासाठी सावद्याकडच्या एका केळीवाल्याची हकीकत सांगतो. माझा जुना विद्यार्थी. एका संध्याकाळी दोन पिशव्या घेऊन तो माझ्या ओट्यावर आला. चेहरा तापलेला.

"सर, दुकानदारानं गंडवलं. दोन्हीवर झिंक सल्फेटच लिहिलंय. वडील वापरायचे ते हे खडीसाखरेसारखं. आता हे पीठ दिलं, आणि किलोमागे भाव कितीतरी जास्त! जमिनीत टाकायचं तर हेक्टरी पंचवीस किलो हेच लागणार ना?"

मी चष्मा शोधला. दोन्ही पिशव्यांवर झिंक सल्फेट होतेच. पण त्याच्या शेजारी, बारीक ठशात, एकीवर हेप्टाहायड्रेट आणि दुसरीवर मोनोहायड्रेट. एकीवर जस्त २१ टक्के, दुसरीवर ३३. मी म्हटले, "शेपूट वाच."

तो वाचत राहिला. मग त्याचा त्यानेच हिशेब मांडला. वर्गात कधी मांडला नव्हता इतक्या मन लावून. सात पाण्यांच्या पंचवीस किलोंत जस्त सव्वापाच किलो. तेवढेच जस्त एका पाण्याच्या सोळा किलोंत मिळते. म्हणजे भाव किलोवर बघायचा नाही, जस्तावर बघायचा. आणि पंचवीसच्या पंचवीस किलो पीठ टाकले असते, तर नऊ किलोंचे पैसे मातीत गेले असते. फवारणीत तर याहून वाईट. द्रावण दीडपटीहून कडक झाले की पाने करपायला वेळ लागत नाही.

"म्हणजे सर," तो जरा वेळाने म्हणाला, "वडील इतकी वर्षं पाण्याचे पैसे भरत होते?"

"भरत होते. पण पाण्याच्या भावाने भरत होते, म्हणून बिघडले नाही."

तो हसला, पण थोडेच. उन्हाळ्यात त्याच्या बागेला टँकरने पाणी आणावे लागले होते. लिंबाच्या खोडाला बोर्डो लावणाऱ्यालाही हेच लागू आहे. १८८५ साली फ्रान्सच्या मिलार्देने ते मिश्रण जगापुढे मांडले, आणि एक टक्क्याच्या मिश्रणाची कृती आजही तीच सांगतात : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. तो एक किलो म्हणजे पाच पाण्यांचा निळा खडा. त्यात तांबे जेमतेम पाव किलो.

आता खड्यांवरून खडकाकडे जातो, कारण याबाबतीत जळगावचे नाव जगभर आहे आणि जळगावात ते फारसे कोणाला ठाऊक नाही. आपला काळा पत्थर सहासात कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, आणि पुढे त्यांत झिरपलेल्या गरम पाण्याने स्फटिक घडवले. खडी काढताना किंवा विहीर खणताना सुरुंगाने खडक फुटतो आणि आत गुलाबी पंख्यासारखा स्टिल्बाइट किंवा हिरवट, काचेसारखा ॲपोफिलाइट झगमगताना दिसतो. परदेशी संग्रहालयांत त्यांच्याखालच्या चिठ्ठीवर "जळगाव" लिहिलेले असते. आपल्याकडे बघायचे तर सिन्नरचे गारगोटी संग्रहालय आहे. यांच्या सूत्रांतही तेच टिंब आणि पलीकडे तेच पाणी. ॲपोफिलाइटला आठ, वजनाच्या सुमारे १६ टक्के. स्टिल्बाइटचे सूत्र वाचताना तर धाप लागते, शेवटी २८ पाणी. १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेटने असा एक दगड तापवला तेव्हा तो उकळल्यासारखा फसफसला, म्हणून त्याने या कुळाला झिओलाइट, म्हणजे उकळता दगड, हे नाव दिले. त्याने आजीची पळी पाहिली असती तर "लाहीदगड" म्हटले असते. एक फरक मात्र आहे. मोरचुदाचे पाणी गेले की घर मोडते. झिओलाइटचे पाणी गेले तरी घर उभे राहते, आणि पाणी पुन्हा येऊन आपल्या खोल्यांत बसते. कोरडी लागलेली विहीर सोडून वर येताना खोदणाऱ्याच्या खिशात असा स्फटिक असतो. त्यात पाणी असते खरे, पण त्याला ते काय करायचे!

मोरचुदाची पाचही पाणी सारख्या नात्याची नसतात, हे मला उशिरा कळले आणि फार आवडले. १९३४ साली बीव्हर्स आणि लिप्सन यांनी क्ष-किरणांनी त्याची बांधणी उलगडली. चार रेणू तांब्याच्या भोवती बसलेले, आणि पाचवा अलीकडे न पलीकडे, सल्फेटाला हात देऊन धरलेला. तापवताना आधी दोन जातात, मग दोन. पाचवा २०० अंशांच्या आसपास पोहोचेपर्यंत हटत नाही. नावात मात्र पाचांना मिळून एकच "पेंटा". नावाकडून याहून अधिक अपेक्षा करू नये.

आणि खानदेशचे ऊन नावाची एवढीही पत्रास ठेवत नाही. धुण्याच्या सोड्याची बाटली कपाटात असते; तिच्यावर छापलेले असते डेकाहायड्रेट, दहा पाण्यांचा. पण हे दहा पाणी ३२ अंशांपर्यंतच्या थंडाव्याचे सोबती. जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो आणि हवा पापडासारखी कोरडी. बाटलीचे बूच जरा सैल असले की दहातली नऊ पाणी निघून जातात. पारदर्शक खडे आंधळे होतात, मग पांढरे पीठ होतात. छापलेला आकडा दहाचा दहाच राहतो. जूनमध्ये कोणी त्या आकड्यावर विसंबून १४.३ ग्रॅम तोलून लिटरभर द्रावण केले, तर ते ठरल्यापेक्षा दुपटीहून अधिक तीव्र होते आणि दिवसभराचे सगळे अनुमापन वाया जाते. म्हणून सुट्टी संपली की पहिल्या दिवशी मी मुलांना कपाट उघडून बाटल्या तपासायला लावी.

एका वर्षी यावलकडची एक मुलगी अशी बाटली उजेडात धरून बराच वेळ बघत राहिली. आत वर पीठ, तळाशी अजून काही खडे.

"सर, हे दहा पाणीही नाही आणि एक पाणीही नाही. चिठ्ठीवर काय लिहू?"

"सूत्र लिही. टिंब दे. आणि आकड्याच्या जागी क्ष लिही. शास्त्रात तशी सोय आहे."

तिने जुन्या चिठ्ठीवर नवी चिकटवली, क्ष पाणी असे स्वच्छ अक्षरात लिहिले, खाली तारीख घातली, आणि बूच घट्ट बसवून पुढची बाटली उचलली.